बिना बॅटरीच्या जुन्या गाडीवर डिजिटल मीटर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राजेहो, आपल्या यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडं अजूनही घराघरात एखादी जुनी गाडी उभी दिसते, कुठं राजदूत, कुठं येझदी, कुठं बापाची चेतक नाहीतर आज्याची लुना. गाडी किकवर सुरू होते, वावरात जाते, तुरीचं पोतं आणते, पण मीटरचा काटा कधीचा मेलेला. मंग पोट्टे ऑनलाइन चमकणारं डिजिटल मीटर मागवते अन् वायर हातात घेऊन विचारते, आता हे कुठं जोडू. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. आधीच सांगून देतो, मीटर बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, सगळा खेळ त्याले मिळणाऱ्या करंटचा आहे. करंट साफ भेटला तं स्वस्तातलं मीटरबी वर्षानुवर्षं चालते, अन् घाण भेटला तं महागातलं पहिल्याच रेसले जाते.

भाऊ, बॅटरीच नाही तं डिजिटल मीटर चालन तरी का?

चालन. दोन रस्ते आहेत. एक, असं मीटर लावायचं जे गाडीचा करंट मागतच नाही, त्याच्या पोटात स्वतःचा सेल असते. दोन, मॅग्नेटोच्या (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणारं चुंबकाचं यंत्र) लाइट कॉइलमधून करंट घ्यायचा, तो साफ करायचा अन् मंग मीटरले द्यायचा. पहिला रस्ता सोपा, स्वस्त अन् टिकाऊ. तरीबी दहातले नऊ जण दुसऱ्याच रस्त्याच्या मागं असतात कारण त्यात लाइट जास्त चमकते. मी म्हणतो पहिला जमत असन तं दुसऱ्याच्या नादाले लागूच नका.

माह्या गाडीत नेमकं काय बसवलं आहे हे कसं ओळखू?

कंपनीचं नाव पाहून ठरवू नका, कारण या गाड्या पाच-पाच मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेल्या असतात अन् प्रत्येकानं आपापली वायर घुसवलेली असते. साधारण असं आहे: लुना अन् जुन्या ६ व्होल्टच्या चेतकमध्ये फ्लायव्हील मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चाकात चुंबक अन् आत कॉइली, एक स्पार्कची, एक लाइटची, बॅटरीची गरजच नाही. म्हैसूरची जावा किंवा जुनी येझदी असन तं त्यात ६ व्होल्टचा डायनामो, अन् स्पार्कसुद्धा बॅटरीवर, म्हणून बॅटरी मेली की ती किकवर धडपणे सुरूच होत नाही. अशी जावा कोणी बिना बॅटरीची चालवत असन तं बहुतेक त्यात नंतर इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटो टाकलेला असते (बाहेरदेशी व्हेप नावाच्या कंपनीचे १२ व्होल्टचे किट भेटतात, ते याच कामाचे). खूप जुन्या इंग्लिश गाडीवर लुकासचं मॅग्डायनो असन तं स्पार्क मॅग्नेटोचा अन् लाइट डायनामोचा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पक्कं करायचं तं मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, गाडी सुरू करून हेडलाइटच्या वायरवर लावा. एसीवर आकडा येते अन् रेस दिली की चढते, म्हणजे मॅग्नेटोची लाइट कॉइल. डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर) स्थिर आकडा येते, म्हणजे डायनामो किंवा कुठंतरी लपवलेलं, एसीचं डीसी करणारं रेग्युलेटर.

हेडलाइटच्या वायरले डायरेक्ट जोडलं तं काय होते?

मीटर मरते. कधी लगेच, कधी आठ दिवसांनी.

कारण लाइट कॉइलचा करंट एसी असते, म्हणजे प्लस-मायनस सारखं उलटपालट, अन् त्याचं व्होल्टेज रेसवर चढत-उतरत राहते. बल्ब लावलेला असते तोपर्यंत ते दबून राहते, कारण बल्बचा लोड त्याले धरून ठेवते. पण बल्ब उडाला किंवा लाइट बंद केला की तीच ६ व्होल्टची म्हणवणारी कॉइल फुल रेसले ४०-५० व्होल्टच्या पार जाऊ शकते. तुम्ही पाहिलंच असन, रात्री हेडलाइटचा बल्ब गेला की मागचा बल्बबी दोन सेकंदात पाठोपाठ जाते. तसंच मीटरचं होते, फरक एवढाच की बल्ब किराणा दुकानातबी भेटते अन् मीटर कुरिअरनं यायले हप्ता लागते.

मंग बिना करंटचा उपाय कोणता?

सायकलचं डिजिटल मीटर. हसू नका. त्यात सीआर२०३२ चा बटन सेल असते, ३ व्होल्टचा, साधारण २२० मिलिअँपिअर-तासाचा, वर्षभर तं सहज जाते. स्पोकले एक छोटं चुंबक, फोर्कले रीड स्विचचा सेन्सर, चुंबक समोरून गेलं की आतली पत्ती टिचकन जुळते, मीटर चकरा मोजते. गाडीच्या वायरिंगले हातसुद्धा लावायचा नाही. स्पीड, किलोमीटर, ट्रिप, घड्याळ, सगळं भेटते, अन् गाडी बंद केली तरी काही पुसत नाही.

अडचण म्हटली तं दोन. बरेचसे स्वस्त मीटर ९९.९ च्या वर दाखवत नाहीत, पण तुमची राजदूत तिथपर्यंत जात असन तं मले कळवा, पाहायले येतो. अन् बिना तारेचं, म्हणजे वायरलेस मीटर घेऊ नका, स्पार्कमधून उठणाऱ्या विजेच्या गोंधळानं त्याले वेड लागते, उभ्या गाडीत ६० दाखवते. तारेचंच घ्या.

त्यात चाकाचा आकडा कोणता टाकू?

त्या पुस्तिकेत सायकलचे टायर दिलेले असतात, ते विसरा. सिमेंट रोडवर किंवा सारवलेल्या अंगणात गाडी उभी करा, पुढच्या टायरची हवा बरोबर करा, सीटवर कोणाले तरी बसवा (रिकाम्या गाडीत टायर जरा फुगलेलं राहते), हवा भरायचा वॉल बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची रेघ मारा, गाडी सरळ ढकलत वॉल परत खाली येईस्तोर न्या, दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये टाका. ताळा पाहायचा असन तं ३.२५-१९ च्या टायरचा हिशेब साधारण २,०३५ च्या आसपास येते, बसल्यावर थोडा कमी भरन. तुमचा आकडा याच्यापासून लय दूर असन तं टेप परत लावा.

सेन्सर कुठं बसवू? माह्याकडं पावसाळ्यात काळी माती लय भरते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचाच माणूस विचारू शकते. जुलै महिन्यात पांदणीतून गाडी काढली की मडगार्ड अन् टायरच्या मधात काळी माती अशी दाबून बसते की चाक फिरत नाही, तिथं प्लास्टिकचा सेन्सर काय टिकणार. म्हणून चुंबक रिमकडं लावू नका, हबच्या जवळ, स्पोकच्या मुळाशी लावा. आकड्यात काही फरक पडत नाही, कारण चुंबक वर असो की खाली, चाकाच्या एका चकरेले ते एकदाच समोर येते. उलट हबजवळ चुंबक हळू फिरते म्हणून सेन्सरले ते धरायले सोपं जाते. फक्त ब्रेक ड्रमच्या अंगावर चिकटवू नका, ड्रम तापते अन् साधं निओडायमियम चुंबक ८० डिग्रीच्या वर ताकद गमवायले लागते. सेन्सर अन् चुंबकामध्ये ३-४ मिलिमीटर अंतर ठेवा, चाक हातानं फिरवून पाहा घासत तं नाही, अन् सेन्सरची तार फोर्कले बांधताना वरती थोडी ढिली सोडा, नाहीतर हँडल पूर्ण वळवलं की तुटते. नायलॉनच्या पट्ट्या उन्हानं वर्षभरात कडक होऊन तुटतात, काळ्या घ्या, पांढऱ्या नको.

आरपीएम (इंजिनच्या मिनिटाच्या चकरा) दाखवणारं मीटर पायजे, त्यालेबी बॅटरी लागन का?

नाही लागत. इंजिन तास मोजणारे छोटे मीटर भेटतात, पंप-जनरेटरवर लावतात तेच, त्यात सेल आतच असते अन् एकच तार बाहेर. ती तार प्लगच्या जाड वायरवर तीन-चार वेढे गुंडाळायची, बस. स्पार्क गेला की त्या तारेत जराशी वीज उठते अन् मीटर तेवढंच मोजते. गाडीत कुठंच काही कापायचं नाही.

फक्त सेटिंग बरोबर टाका. टू-स्ट्रोक सिंगल, म्हणजे येझदी-राजदूत-लुना, यांच्यात इंजिनच्या प्रत्येक चकरेले एक स्पार्क. फोर-स्ट्रोक गाडीत पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारी पत्ती) कॅमवरून चालत असतील, जुन्या बुलेटसारखे, तं दोन चकरांत एक स्पार्क. अन् ज्या फोर-स्ट्रोकमध्ये स्पार्क क्रँकच्या मॅग्नेटवरून येते तिथं प्रत्येक चकरेले एक, त्यातला अर्धा वाया जाते पण मीटर मोजतेच. आकडा दुप्पट किंवा अर्धा दिसत असन तं मीटर खराब नाही, सेटिंग चुकीची आहे. याच मीटरचा दुसरा फायदा असा की इंजिन किती तास चाललं हे समजते, जुन्या गाडीले प्लग साफ करायचा, पॉइंट घासायचा हिशेब किलोमीटरपेक्षा तासांवर जास्त बरोबर बसते.

मिस्त्री म्हणते पॉइंटच्या वायरवरून सिग्नल घे. घेऊ का?

नको. पॉइंट उघडते त्या क्षणाले त्या वायरवर दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठते, स्वस्तातल्या मीटरची सिग्नल वायर तेवढ्यासाठी बनलेली नसते. अन् मॅग्नेटो गाडीत तीच वायर गाडी बंद करायचीसुद्धा असते, ती मीटरमधून कुठं अर्थ झाली तं रस्त्यात गाडी गप्पकन बंद. त्याहून वाईट म्हणजे कोणी त्या वायरले बाहेरून १२ व्होल्ट दिले तं स्पार्क कॉइल जळायची पाळी येते. स्पार्कच्या कॉइलकडं मीटरसाठी पाहायचंच नाही, हा नियम धरा.

ठीक हाय, पण मले ते मोठं १२ व्होल्टचं रंगीत मीटरच पायजे. करंट कसा काढू?

बरं. लाइट कॉइलपासून मीटरपर्यंतची ओळ अशी: कॉइलची वायर, मंग रेग्युलेटर, मंग डायोड, मंग छोटा फ्यूज (१ अँपिअर बस होते), मंग कॅपॅसिटर, मंग कन्व्हर्टर, मंग मीटर. यातला प्रत्येक जण एकच काम करते. रेग्युलेटर व्होल्टेज वर जाऊ देत नाही. डायोड उलटा करंट अडवते. कॅपॅसिटर खड्डे भरते. कन्व्हर्टर मीटरले पायजे तेवढाच आकडा देते. एखादा वगळला की बाकीच्यांवर ताण येते, अन् लोक नेमका पहिलाच वगळतात, कारण रेग्युलेटर नसलं तरी गाडी उभी असताना सगळं मस्त चालते. फुल रेसले कळते.

रेग्युलेटर १२ व्होल्टच्या स्कूटर-मोपेडचं एसीवालं चालते. ६ व्होल्टच्या गाडीतबी तेच लावलं तरी हरकत नाही: रात्री बल्ब स्वतःच व्होल्टेज ६-७ वर दाबून ठेवते, दिवसा लाइट बंद असताना रेग्युलेटर १४ च्या आसपास रोखते. मीटर दोन्ही वेळा जळत नाही. मात्र काही गाड्यांत लाइट बंद केला की स्विच कॉइलच अर्थ करून टाकते, तिथं दिवसा मीटरले काहीच भेटणार नाही, म्हणून आधी दिवसाची अन् रात्रीची, दोन्ही मोजमापं घ्या.

डायोड १एन५४०८ घ्या, ३ अँपिअरचा. त्यावरची पांढरी पट्टी मीटरच्या बाजूले. अन् अचानक उठणाऱ्या झटक्यांसाठी कॅपॅसिटरच्या जोडीले एक टीव्हीएस डायोड टाकला तं सोन्याहून पिवळं (गाडीच्या कंपनीशी याचा काही संबंध नाही), पण तो फक्त क्षणभराचा झटका गिळते, रेग्युलेटरचं काम त्याच्याकडून होत नाही.

एक डायोड कायले? पूर्ण ब्रिज (चार डायोडचा संच) लावला तं दुप्पट करंट भेटन ना?

इथंच जास्तीत जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून वाचा. जुन्या गाडीत लाइट कॉइलचं एक टोक आतच प्लेटले, म्हणजे बॉडीले अर्थ केलेलं असते. आता तुम्ही ब्रिज लावला अन् त्याचा मायनस परत चेसिसले जोडला, तं ब्रिजमधला एक डायोड सरळ कॉइलच्या दोन टोकांवर येऊन बसते. एसीचा अर्धा भाग त्याच्यातून शॉर्ट होते. लक्षण काय दिसते? हेडलाइट एकदम पिवळी पडते अन् ब्रिज हात लावू देत नाही इतकं गरम.

म्हणून कॉइल अर्थ असन तं एकच डायोड. मीटरले लागते किती, माह्या हाताखालून गेलेले बहुतेक मीटर बॅकलाइट धरून २-३ वॅटच्या आत बसले, तेवढं अर्ध्या भागातूनच निघते अन् हेडलाइटवर फरक दिसत नाही. ब्रिज लावायचाच हट्ट असन तं मॅग्नेट खोलून कॉइलचं अर्थ टोक प्लेटपासून सोडवायचं, वेगळ्या वायरीनं बाहेर काढायचं अन् मंग गाडीचे सगळे लाइट डीसीवर न्यायचे. हे मीटर बसवणं नाही, हे वायरिंग नवीन करणं झालं. त्याच्यासाठी फ्लायव्हीलचा पुलर पायजे, हातोडी-छिन्नी नाही. फ्लायव्हीलवर हातोडी मारली की चुंबकाची ताकद कमी होते.

कॅपॅसिटर केवढा टाकू?

४,७०० मायक्रोफॅरड, ३५ किंवा ५० व्होल्टचा. हिशेब पाहा: फ्लायव्हीलमध्ये चुंबकाचे सहा पोल असले तं एका चकरेत तीन वेळा एसीची लाट येते. १,२०० आरपीएमले सेकंदाले २० चकरा, म्हणजे ६० लाटा. एका डायोडवर दोन लाटांमधली जागा सेकंदाचा साठावा भाग. मीटर १०० मिलिअँपिअर ओढत असन तं तेवढ्या वेळात ४,७०० चा कॅपॅसिटर साधारण ०.३५ व्होल्टच उतरते. मीटरले ते समजतबी नाही. २५ व्होल्टचा घेऊ नका, कारण मल्टिमीटर एसीवर १४ दाखवत असन तेव्हा लाटेचं टोक २० च्या घरात असते अन् मॅग्नेटोची लाट टोकदार असल्यानं कधी त्याहून वर जाते.

हे काही नवीन डोकं नाही. लुकास कंपनीनं इंग्लिश गाड्यांसाठी २एमसी नावाचा कॅपॅसिटर काढला होता, तो स्प्रिंगमध्ये उलटा टांगायचा, अन् गाडी बॅटरीशिवाय सुरू व्हायची. आपण तेच करतो, फक्त लहान कामासाठी.

एक गोष्ट मात्र आपल्या हवेसाठी: १०५ डिग्री लिहिलेलाच घ्या, ८५ चा नको. चंद्रपूर-वर्ध्याकडं मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर असते, सीटखाली किंवा इंजिनाजवळ त्याहून किती तरी जास्त, अन् असा कॅपॅसिटर दर १० डिग्रीले अर्धं आयुष्य गमावते. टाकीखाली बांधू नका, हेडलाइटच्या डूममध्ये बांधा, वारा लागते.

गाडी ६ व्होल्टची अन् मीटर १२ चं. जमते का?

जमते, पण कन्व्हर्टर बरोबर घ्या. एलएम२५९६ चं निळं बोर्ड सगळीकडं भेटते पण ते फक्त उतरवते, चढवत नाही, अन् आउटपुटपेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्त इनपुट मागते. ६ चे १२ त्याच्यातून निघणार नाहीत. त्यासाठी चढ-उतार दोन्ही करणारं बोर्ड घ्या, एक्सएल६००९ वालं भेटते, पण दुकानदाराले 'बूस्ट-बक' असं स्पष्ट सांगा, कारण त्याच चिपचं फक्त चढवणारं बोर्डबी विकायले असते अन् त्यात दिवसा १४ आत गेले की बाहेर १४ च येतात. चिपची मर्यादा ३२ व्होल्टची, म्हणून तिच्या आधी रेग्युलेटर असलंच पायजे. एलएम२५९६ ची मर्यादा ४० व्होल्ट, तिलेबी हाच नियम.

बोर्डावरचा स्क्रू फिरवून १२ आधी मल्टिमीटरवर लावा, त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका, मंगच मीटर जोडा. नेलपॉलिश नाही टाकली तं येझदीच्या थरथरीनं तो स्क्रू स्वतःच फिरते.

रेल्वे फाटकावर गाडी मंद उभी असली की मीटर बंद-चालू होते. काऊन?

कारण मंद रेसले कॉइलचं व्होल्टेज ४ च्या खाली येते, कन्व्हर्टर सोडून देते, मीटर बंद. लगेच इंजिन जरा चढते, मीटर सुरू, अन् सुरू होताना ते सगळे दिवे लावून काटा नाचवते, त्यात जास्त करंट जाते, परत व्होल्टेज पडते, परत बंद. पुलगावच्या फाटकावर मालगाडी जाईस्तोर हा तमाशा चालते अन् मागचा माणूस विचारते भाऊ याच्यात गाणे वाजते का.

आधी स्लो जरा चढवा, जुन्या टू-स्ट्रोकले तसंही १,२०० च्या खाली ठेवण्यात फायदा नाही. मंग अर्थ तपासा, अर्ध्या गाड्यांत रोग हाच असते, रंगाच्या थरावर कसलेली अर्थ. मीटरची अर्थ वायर हँडलले नको, थेट इंजिनच्या बोल्टले न्या, कारण हँडल अन् चेसिसच्या मधात ग्रीस भरलेल्या बेअरिंगच्या गोळ्या असतात. तरीबी होत असन तं मीटरची बॅकलाइट कमी करा किंवा खालचा उपाय.

मंग एक छोटी बॅटरीच लावली तं?

लावा ना, कोणी अडवलं. पण मंग तिचं चार्जिंग बरोबर पायजे, नाहीतर उन्हाळ्यात ती फुगते. बॅटरी नकोच असन तं सुपर कॅपॅसिटर, म्हणजे लय जास्त वीज साठवणारा कॅपॅसिटर. एक नग २.७ व्होल्टचा असते, सहा नग ओळीत लावले की १६.२ व्होल्ट. १० फॅरडचे सहा लावले तं मिळून १.६ फॅरडच्या वर भरते, अन् १०० मिलिअँपिअरचं मीटर गाडी बंद झाल्यावरबी मिनिटभर तरी चालत राहते. फाटकावरचा प्रश्न संपला. हे कन्व्हर्टरच्या नंतर, १२ व्होल्टच्या बाजूले लावा. भरताना ते लय करंट ओढतात म्हणून मधात १० ओमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाका, त्याच्यावर उलटा एक डायोड म्हणजे बाहेर येताना अडथळा नको. बॅलन्सिंगवालं बोर्ड घ्या, नाहीतर सहातला एक जास्त भरून फुटते.

गाडी बंद केली की किलोमीटर पुसून जातात का?

एकूण किलोमीटर बहुतेक मीटरमध्ये राहतात, ते आतल्या चिपवर लिहिलेले असतात. घड्याळ अन् कधी कधी ट्रिप पुसते. मीटरले लाल अन् काळ्याशिवाय तिसरी वायर असन, जी कायम करंट मागते, तं तिच्यासाठी बॅटरी लागतेच. बॅटरी नसली तं आपण लाल अन् ही तिसरी, दोन्ही एकत्र जोडून देतो अन् घड्याळ विसरून जातो. वेळ पाहायले मोबाइल आहे.

मी हेडलाइटले एलईडी टाकला, तेव्हापासून सगळं जळते.

जळणारच. २५ वॅटचा बल्ब काढून ६-७ वॅटचा एलईडी टाकला म्हणजे कॉइलले धरून ठेवणारा लोडच गेला. रेग्युलेटर लावा किंवा जुना बल्ब परत टाका.

रेस दिली की आकडे वेडेवाकडे पळतात.

स्पार्कचा त्रास आहे. जुन्या गाडीचं प्लग कॅप साधं असते, त्याजागी ५ किलोओम रेझिस्टरवालं कॅप टाका, स्पार्कले काही होत नाही अन् नव्वद टक्के गोंधळ तिथंच थांबते. सेन्सरची तार प्लगच्या वायरीपासून एक वीत तरी दूर, टाकीच्या दुसऱ्या बाजूनं न्या. दोन तारा एकमेकींत पीळ देऊन नेल्या तं अजून बरं.

सगळ्यात कामाचं मीटर कोणतं? एकच लावायचं असन तं?

मले विचाराल तं टेंपरेचरचं. मे महिन्यात दोन सवारी अन् मागं ओझं घेऊन जुनी टू-स्ट्रोक घाटात चढवली की पिस्टन पकडते, अन् ते पकडायच्या आधी हेड काही सांगत नाही, हे मीटर सांगते. प्लगच्या वॉशरच्या जागी १४ मिलिमीटरची कडी येते, त्यात थर्मोकपल, दोन वेगळ्या धातूंचा जोड, तापला की स्वतःच जराशी वीज तयार करते. के टाइपमध्ये डिग्रीमागं साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. काट्याच्या काही मीटरले तेवढीच पुरते, सेलसुद्धा लागत नाही, जुन्या छोट्या विमानांत असेच असायचे. डिजिटल घेतलं तं स्वतःच्या सेलवर चालणारं घ्या. थर्मोकपलची तार कापून साध्या वायरीनं वाढवू नका, आकडा चुकते.

नेमका आकडा किती पायजे हे विचारू नका, गाडीगाडीले वेगळा. आठ दिवस रोजच्या रस्त्यावर चालवून पाहा, तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा कळते, त्याच्या २०-३० डिग्री वर गेला की रेस सोडा, थांबा, ऑइल टाकलं होतं का ते आठवा.

जीपीएसवालं मीटर कसं? नाहीतर मोबाइलच लावतो.

जीपीएसले सेन्सर लागत नाही हे खरं, पण बिना बॅटरीच्या गाडीत ते प्रत्येक किकले नव्यानं उपग्रह शोधते, तोवर तुम्ही अर्धा किलोमीटर गेलेले असता. सुपर कॅपॅसिटर लावला तरच मजा. मोबाइलचं म्हणाल तं सिंगल सिलिंडरच्या थरथरीनं कॅमेरा खराब होऊ शकते, ॲपलनं स्वतः २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. अन् चार्जिंगले ५ वॅट लागतात, दिवसा रेग्युलेटर-कन्व्हर्टरमधून निघू शकतात, रात्री हेडलाइट पिवळी पडन.

उन्हात मीटर पूर्ण काळं झालं, गेलं का?

नाही गेलं. एलसीडी जास्त तापली की काळी पडते, सावलीत नेली की परत येते. बसस्टँडवर दुपारी गाडी लावली तं त्यावर दुपट्टा टाका. घेतानाच पाहा, लाल-निळ्या एलईडीचे आकडे आपल्या उन्हात दिसतच नाहीत, साधी राखाडी एलसीडी दिसते.

आरटीओले काही अडचण? जुनं मीटर फेकून देऊ?

फेकू नका. गाडीले चालू स्पीडोमीटर असणं कायद्यानं लागते, ते केबलचं असो की डिजिटल. पण गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वर गेली असन अन् तुम्हाले व्हिंटेज नोंदणी करायची असन (२०२१ च्या नियमांनी व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, नवीन नोंदणीले २०,००० रुपये), तं गाडी मूळ रूपात पायजे. म्हणून हँडल, डूम, चेसिस कुठंच भोक पाडायचं नाही. पट्टीवर क्लॅम्प लावून बसवा, जुनं मीटर जागेवरच राहू द्या, नवीन केबल टाकून चालत असन तं उत्तमच.

सामान कुठं भेटन?

नागपूरले सीताबर्डीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. यवतमाळ-अमरावतीत टीव्ही दुरुस्तीवाल्याकडंबी बरंच निघते. यादी चिठ्ठीवर लिहून न्या: १एन५४०८ डायोड दोन (एक जास्तीचा), ४,७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट १०५ डिग्री कॅपॅसिटर, बूस्ट-बक बोर्ड, १ अँपिअर फ्यूज होल्डरसकट, श्रिंक ट्यूब, दोन मीटर बारीक वायर दोन रंगात. रेग्युलेटर अन् प्लग कॅप मात्र स्पेअर पार्टच्या दुकानात, अन् तिथं गाडीचं नाव सांगू नका, '१२ व्होल्ट, एसी' एवढंच सांगा, नाहीतर तो तुम्हाले चार पिनाचं भलतंच काढून देते.